तीन आकडे: ऊसतोड बायकांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची सरकारी चौकशी

२०१९ च्या जून महिन्यात तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत एक आकडा सांगितला. २०१६-१७ ते २०१८-१९ या तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांमध्ये ४,६०५ बायकांची गर्भाशयं काढली गेली होती. त्यातल्या बऱ्याच जणी ऊसतोड कामगार नव्हत्या, असंही सभागृहात सांगितलं गेलं. त्यानंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. तिच्यासाठी झालेल्या पाहणीत ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. डिसेंबरात सरकार बदललेलं होतं. नव्या मंत्रिमंडळातले नितीन राऊत यांनी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांना पत्र लिहिलं आणि त्यात मराठवाड्यातल्या अशा बायकांची संख्या सुमारे ३०,००० असल्याचं म्हटलं.

एकच विषय, सहा महिन्यांचा काळ आणि तीन आकडे. बातम्यांमध्ये ते एकमेकांच्या जागी वापरले गेले. कुणी पहिला आकडा घेऊन म्हणालं की प्रश्न एवढा मोठा नाही, कुणी तिसरा घेऊन म्हणालं की सरकार लपवतंय. तिन्ही आकडे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत, हे मात्र फार थोड्यांनी सांगितलं. हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं ते त्यासाठीच. सरकार एखाद्या आरोग्य-प्रश्नाचा शोध कसा घेतं, कुठे बघतं आणि कुठे त्याची नजर पोचतच नाही, हे इथे एकाच जिल्ह्यात स्पष्ट दिसतं.

पिशवी

आधी थोडं उसाच्या फडावर जाऊ. दसरा-दिवाळी झाली की बीड, वडवणी, धारूर, केज, पाटोदा, शिरूर कासार या भागांतल्या गावांमधून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसं निघतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर, काही जण थेट कर्नाटकात. मोजणी माणसाची होत नाही, कोयत्याची होते, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून जोडीनं आधीच उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. हंगामभर ऊस तोडायचा, टनावर हिशेब करायचा आणि उचल फेडायची. २०२४ च्या जानेवारीत दरवाढ झाल्यावरसुद्धा तोडणीचा दर टनाला ३६६ रुपयांच्या आसपास आला. जोडी चांगली असेल तर दिवसाला दीड-दोन टन ऊस निघतो.

बाईचा दिवस पहाटे कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, चूल पेटवून सुरू होतो. नवरा बुडख्यापासून ऊस छाटतो. ती पाचट सोलते, मोळी बांधते, डोक्यावर घेते आणि फळीवरून चालत ट्रकमध्ये चढवते. मोळी वीस-पंचवीस किलोची, कधी त्याहून जड. गाडी रात्री आली तर भरणी रात्री होते. फडात संडास नाही, न्हाणीघर नाही, पाळीच्या दिवसांत कापड धुवायला आणि वाळत घालायला जागा नाही. पाणी मिळेल ते आणि मिळेल तिथलं. एक दिवस कामावर गेलं नाही तर खाडा पडतो. त्या दिवसाची मजुरी जातेच, वर दंडही कापला जातो, आणि जोडीपैकी एक जण बसला तरी दोघांचं काम अडतं.

अशा बाईला अंगावरून पांढरं जायला लागतं. ओटीपोट दुखतं, कंबर धरते, पाळी दोन-दोन आठवडे थांबत नाही. लग्न सोळा-सतराव्या वर्षी झालेलं, विशीच्या आत-बाहेर दोन-तीन मुलं, मग नसबंदी. मुलं झाली, ऑपरेशन झालं, म्हणजे आता पिशवीचं काम संपलं, असं ती स्वतःही मानते. गर्भाशय हा शब्द तिथे कुणी वापरत नाही. पिशवी म्हणतात. पिशवीला सूज आहे, पिशवीला गाठ आहे, पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल. यातलं शेवटचं वाक्य सोनोग्राफीचा कागद हातात धरून सांगितलं गेलं की पुढे विचारायला काही उरत नाही. पैसे नसतात, तेव्हा मुकादमाकडून किंवा सावकाराकडून उचलले जातात आणि पुढच्या हंगामात तोडून फेडले जातात. ऑपरेशननंतर दीड-दोन महिने जड उचलायचं नसतं. ती त्याआधीच फडात उभी असते.

२०१९ च्या एप्रिलमध्ये हे देशभर छापून आलं, तेव्हा बातम्यांचा सूर असा होता की खाडा पडू नये म्हणून मुकादम बायकांना गर्भाशय काढायला लावतात. राऊत यांच्या पत्रातही तोच धागा होता. पाळीच्या चार दिवसांची मजुरी सरकारनं भरून दिली तर हे थांबेल, असं त्यांचं म्हणणं होतं. खाड्याचा धाक खरा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण एवढंच कारण धरलं तर लहान वयातलं लग्न, वर्षानुवर्षं उपचार न झालेला जंतुसंसर्ग, स्त्रीरोगतज्ज्ञ नसलेलं ग्रामीण रुग्णालय आणि भीती घालून केलेली शस्त्रक्रिया हे सगळं चित्राबाहेर राहतं. चार दिवसांची मजुरी मिळाली तरी तिचं ओटीपोट दुखायचं थांबत नाही. ज्या त्रासावर गोळ्या-औषधांचा पूर्ण कोर्स, हार्मोनच्या गोळ्या किंवा हार्मोनची तांबी पुरली असती, त्यावर थेट शेवटचा उपाय केला गेला. पस्तिशीच्या आत गर्भाशय गेलं आणि त्याबरोबर अंडाशयही काढलेली असतील तर पाळी जाण्याचे सगळे त्रास एकदम अंगावर येतात: अंगाची लाही, झोप उडणं, हाडं ठिसूळ होणं. अंडाशय ठेवली तरी पाळी जाण्याचं वय अलीकडे सरकू शकतं. म्हणजे ज्या कंबरदुखीसाठी पिशवी काढली, ती कंबरदुखी काही वर्षांनी परत येऊ शकते.

आकडा कुठून आला, ते बघू

४,६०५ हा आकडा रुग्णालयांच्या नोंदींतून आला. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या पातळीवर चौकशी झाली, खासगी रुग्णालयांकडून माहिती मागवली गेली आणि त्यांनी दिली तेवढी जमा झाली. यात जिल्ह्यातल्या सगळ्या बायका आल्या, शिक्षिकाही आणि ऊसतोड कामगारही. काळ तीन वर्षांचाच. सोलापूर किंवा अहिल्यानगरात जाऊन शस्त्रक्रिया करून घेतलेली बीडची बाई यात नाही. २०१२ साली ऑपरेशन झालेली बाईही नाही. शिवाय या आकड्याचा उगम असा की ज्यांची चौकशी करायची, त्यांनीच लिहिलेल्या रजिस्टरवर तो उभा आहे. महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांची नोंदणी १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली होते. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा राज्यानं स्वीकारलेला नाही. कुठल्या वयाच्या बाईचा कुठला अवयव कशासाठी काढला, याची नियमित माहिती खासगी रुग्णालयाकडून सरकारकडे येत राहील अशी घट्ट व्यवस्था तेव्हा नव्हती. म्हणून बोभाटा झाल्यावर मागवावी लागली.

१३,८६१ हा आकडा दारातून आला. आरोग्य खात्याच्या यंत्रणेनं ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांना विचारलं. इथे काळाची अट नाही. आयुष्यात कधीही, कुठल्याही जिल्ह्यात गर्भाशय काढलं असेल तर ती मोजली गेली. पहिला आकडा ओढ्यातून तीन वर्षांत वाहून गेलेल्या पाण्याचा, हा तळ्यात साठलेल्या पाण्याचा. दोन्हींची वजाबाकी करून सरकारनं नऊ हजार लपवले असं म्हणणं चूक, आणि पहिला दाखवून दुसरा फुगवलेला आहे म्हणणंही चूक.

तिसरा, ३०,००० चा, एका पत्रातला अंदाज आहे. त्यामागे दारोदारी केलेली मोजणी नाही. पण पत्र मंत्र्याचं होतं, त्यामुळे आकडा टिकला आणि आजही सर्रास वापरला जातो. राऊत यांना प्रश्नाची तीव्रता मुख्यमंत्र्यांपर्यंत पोचवायची होती आणि ती पोचलीही. तरीही मोजलेला आकडा हाताशी असताना अंदाजाचा आकडा जास्त गाजला, याची मला खंत वाटते. १३,८६१ पुरेसा भयंकर होता. शंभरात जवळपास सतरा. सहा ऊसतोड बायका एका झाडाखाली भाकरी खायला बसल्या तर त्यातल्या एकीला पिशवी नाही.

आता हे सतरा टक्के कशाशी ताडून पाहायचे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत, म्हणजे २०१५-१६ मध्ये, राष्ट्रीय पातळीवर पहिल्यांदाच हा प्रश्न नीट विचारला गेला. १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये देशाचं प्रमाण ३.२ टक्के निघालं, महाराष्ट्राचं त्याहून थोडं कमी. पुढे बीडच्या एका लहान पाहणीत ३६ टक्के बायकांची गर्भाशयं काढलेली आढळली होती. बातमीदारांनी भागाकार केला आणि बीडमध्ये राज्याच्या चौदा पट शस्त्रक्रिया होतात, असे मथळे झाले.

हा भागाकार करू नये. राष्ट्रीय पाहणीच्या छेदात, म्हणजे ज्या एकूण बायकांवर टक्केवारी काढली त्यांच्यात, पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीही असतात, ज्यांच्यात हे प्रमाण शून्याच्या जवळ असणार. ऊसतोडीच्या पाहणीत लग्न झालेल्या, मुलंबाळं असलेल्या, कामाला जाणाऱ्या बायका होत्या. वयाचे गट पाडून तुलना केली असती तर चौदा पट हा आकडा नक्की खाली आला असता. आणि खाली आलेला आकडासुद्धा कुणालाही अस्वस्थ करायला पुरेसा ठरला असता, कारण खरा प्रश्न वयाचाच होता. पंचेचाळिशीला मोठी गाठ निघाली म्हणून गर्भाशय काढणं आणि अठ्ठाविसाव्या वर्षी पांढरं जातं म्हणून काढणं, हे एकाच रकान्यात मोजले की दुसरी बाई पहिलीच्या मागे झाकली जाते. देशाच्या पाहणीत शस्त्रक्रियेच्या वेळचं मधलं वय चौतिशीच्या आसपास आलं होतं. म्हणजे तरुण वयात गर्भाशय काढणं ही गोष्ट एकट्या बीडची नाही.

कुलूप

या सगळ्याच्या मुळाशी एक साधी अडचण आहे, आणि अहवालांत ती चार ओळींत उरकली जाते म्हणून मी इथे थांबतो.

आपली आरोग्यसेवा आणि आपल्या पाहण्या, दोन्ही घराला बांधलेल्या आहेत. आशा गावाची असते. अंगणवाडीचं रजिस्टर गावाचं. गरोदर बाईची नोंद उपकेंद्रावर होते. घरोघरी पाहणी करणारा माणूस यादीतल्या घराशी जातो, कुलूप दिसलं तर पुन्हा येतो, पुन्हा कुलूप दिसलं तर तशी खूण करून पुढे जातो. डिसेंबरात वडवणीकडच्या एखाद्या तांड्यावर गेलात तर ओळीनं कुलूपं दिसतील. दारात म्हातारी आणि शाळेसाठी मागे ठेवलेलं एखादं पोर. ज्या पाच-सहा महिन्यांत बाईला सगळ्यात जास्त त्रास होतो, बाळंतपण फडात होतं, ताप अंगावर काढला जातो, त्या महिन्यांत ती तिच्या गावच्या आशाच्या हद्दीत नसते. ज्या गावाच्या शिवारात कोपी पडलेली आहे, तिथली आशा तिला आपली मानत नाही, कारण तिचं नाव त्या गावच्या यादीत नाही. ती दोन्हीकडच्या छेदातून गळते. तिच्या आजाराची नोंद कुठेच होत नाही आणि पिशवी काढून ती घरी परतते, तेव्हा तिच्यामागे एक खासगी रुग्णालयाची पावती असते, तीही असली तर.

२०१९ ची पाहणी पावसाळ्याच्या तोंडावर हाती घेतली गेली, बायका गावात असताना. वेळ जुळून आली म्हणून ८२ हजारांवर बायकांपर्यंत पोचता आलं. हीच समिती नोव्हेंबरात नेमली गेली असती तर तिला म्हाताऱ्या सासवांच्या मुलाखती घेऊन परत जावं लागलं असतं.

घरात बाई असली तरी विचारायचं कसं, हा पुढचा प्रश्न. ओसरीवर सासू, आत नवरा, शेजारीण कुंपणावरून बघतेय, आणि समोर छापील फॉर्म. ‘गर्भाशय शस्त्रक्रिया झाली आहे काय?’ असं वाचून दाखवलं तर बाई नसबंदीचं ऑपरेशन समजून हो म्हणू शकते. तिच्या दृष्टीनं दोन्ही पोटाचीच ऑपरेशनं. ‘पिशवी काढलीय का?’ विचारलं की उत्तर लगेच येतं. पण कधी काढली, त्याला पुन्हा हंगामाचा हिशेब: थोरलीच्या लग्नाआधीच्या वर्षी, किंवा दुष्काळ पडला त्याच्या पुढच्या साली. त्यावरून वय काढायचं कौशल्य फॉर्म भरणारीकडे असावं लागतं. आणि अंडाशय ठेवली की काढली, हे तर बहुतेकींना सांगितलेलंच नसतं. कागद नसेल तर ते कळायचा मार्ग नाही. ज्या माहितीवर बाईची पुढची वीस वर्षं अवलंबून, ती पाहणीत येतच नाही.

समितीनंतर

चौकशीतून काही गोष्टी खरोखर घडल्या आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. बीडमधल्या खासगी रुग्णालयांना गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. हंगामाला जाण्याआधी आणि परतल्यावर तपासणी, आरोग्य पत्रिका, फडावर प्राथमिक उपचार जाणणाऱ्या बायका म्हणजे आरोग्य साथी, ऊसतोड कामगारांची नोंदणी, अशी कामं सुरू झाली. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं कल्याण महामंडळ उभं राहिलं. महिला किसान अधिकार मंचासारख्या संघटनांनी ऊसतोड बायकांच्या पाहण्या करून हा विषय गर्भाशयापुरता न ठेवता मजुरी, पाणी, बाळंतपण आणि लैंगिक छळापर्यंत नेला. जोडीला कोयता न म्हणता बाईची स्वतंत्र कामगार म्हणून नोंद करा, ही त्यांची मागणी मला सगळ्यात मूलभूत वाटते. कारण कोयता या शब्दात बाई मोजलीच जात नाही.

परवानगीच्या नियमामुळे बीडमधल्या शस्त्रक्रियांना आळा बसला. पण नियम एका जिल्ह्याच्या हद्दीचा. बार्शी, जामखेड, अहिल्यानगर ही बीडच्या रुग्णांची पिढ्यानपिढ्यांची ठिकाणं आहेत. तिथे जायला कुणाला बीडच्या शल्यचिकित्सकांची सही लागत नाही. जिल्ह्याचा आकडा कमी झाला म्हणजे बाई वाचली, हे तिच्या दारात जाऊन विचारल्याशिवाय म्हणता येत नाही.

दरम्यान हाच प्रश्न दुसऱ्या वाटेनं सर्वोच्च न्यायालयात पोचला होता. राजस्थानातल्या दौसा जिल्ह्यातल्या आणि बिहार, छत्तीसगडमधल्या अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रियांबद्दल डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी २०१३ साली जनहित याचिका केली होती. बिहार-छत्तीसगडमध्ये सरकारी आरोग्य विम्याचे पैसे मिळवण्यासाठी अशा शस्त्रक्रिया झाल्याचे आरोप होते. बीडमध्ये पैसा विम्याचा नव्हता, उचलीचा होता. एवढा फरक सोडला तर बाई तीच: गरीब, तरुण, मुलं झालेली आणि कॅन्सरच्या नावानं घाबरवलेली. केंद्रानं २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना तयार केल्या आणि ५ एप्रिल २०२३ च्या निकालात न्यायालयानं सगळ्या राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. राष्ट्र, राज्य आणि जिल्हा अशा तीन पातळ्यांवर देखरेख समित्या आणि सरकारी-खासगी दोन्ही रुग्णालयांकडून नोंदी, असा तो आराखडा आहे. मातामृत्यूचं जसं प्रत्येक प्रकरण तपासलं जातं, तसं गर्भाशय शस्त्रक्रियांचंही परीक्षण व्हावं, असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं त्यानंतर राज्यांना कळवलं.

मातामृत्यूची उपमा मला पटते. मातामृत्यूच्या अन्वेषणात फक्त डॉक्टरचा दोष शोधत नाहीत. बाई दवाखान्यात यायला उशीर का झाला, गाडी का मिळाली नाही, रक्त का नव्हतं, आधीच्या तपासणीत धोका का ओळखला गेला नाही, असं मागे मागे जात विचारतात. तिशीच्या आतल्या एका बाईच्या गर्भाशयाबद्दल असंच मागे जाऊन विचारलं तर ऑपरेशनच्या टेबलापासून निघालेला माणूस ग्रामीण रुग्णालयाच्या रिकाम्या स्त्रीरोग विभागातून जाईल, तिथून फडात, तिथून उचलीच्या वहीत आणि शेवटी सतराव्या वर्षीच्या लग्नमंडपात पोचेल.

जून २०२५ मध्ये बीडच्या आरोग्य तपासणीतला नवा आकडा वर्तमानपत्रांत आला: ८४३ ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढलेली. लगेच दोन्ही बाजूंनी ओढाताण सुरू झाली. कुणाला हे सुधारणेचं लक्षण वाटलं, कुणाला अत्याचार चालूच असल्याचा पुरावा. १३,८६१ च्या शेजारी ८४३ ठेवायचे असतील तर दोन्ही वेळा एकच प्रश्न, त्याच गावांतल्या बायकांना आणि त्याच महिन्यांत विचारलेला असला पाहिजे. एकदा आयुष्यभराचं विचारायचं आणि एकदा या वर्षीचं, एकदा ८२ हजारांना आणि एकदा वेगळ्याच संख्येला, तर आकडे दोन असतात पण तुलना एकही होत नाही.

यासाठी फार मोठ्या यंत्रणेची गरज नाही. तपासणीचा फॉर्म आधीच आहे. त्यात पिशवी कोणत्या साली आणि कितव्या वर्षी काढली, कुठल्या जिल्ह्यातल्या रुग्णालयात, त्याआधी औषधोपचार किती महिने घेतले आणि अंडाशय आहेत की नाहीत, एवढे रकाने वाढवावे लागतील. शेवटच्या रकान्यासाठी रुग्णालयानं बाईच्या हातात मराठीत लिहिलेला कागद द्यायला हवा. आणि हेच प्रश्न दर वर्षी तेच ठेवून विचारायला हवेत, मंत्री बदलला तरी.

गुढीपाडव्याच्या आसपास पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, ट्रक गावांकडे वळतात, भांडी-कुंडी आणि कोंबड्यांसकट माणसं उतरतात आणि कुलूपं उघडतात. तिथून दसऱ्यापर्यंत विचारायला सहा महिने मिळतात.